क्यूवरचं हस्तिदंत खरं की बनावट? आधी आडवा छेद बघा

माझे वडील यंत्रमागावर होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक पितळी पिक ग्लास असायचा. घडी उघडली की खाली इंचभराची चौकोनी खिडकी आणि वर भिंग. कापडावर ठेवायचे, डोळा लावायचे आणि इंचात किती ताणे, किती बाणे ते मोजायचे. वडील गेले आणि तो पिक ग्लास माझ्या टेबलाच्या खणात आला. मी माग चालवला नाही. गेली अठरा वर्षं मी सोलापुरात पूल आणि स्नूकरचे क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या, दुरुस्त करतो. टोकाच्या चामडी टिपा बदलतो, टिपेखालची नळी म्हणजे फेरूल बसवतो, क्यूचे दोन तुकडे जोडणारे सैल झालेले जॉइंट घट्ट करतो. आणि हस्तिदंत ओळखायला त्या पिक ग्लासइतकं कामाचं दुसरं हत्यार मला अजून सापडलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात जुळे सोलापूरहून एक मुलगा आला. हातात लांब कातडी पेटी. दोन दिवस वापरून बघा म्हणून विकणाऱ्यानं त्याला एक अमेरिकन पूल क्यू दिला होता. "काका, फेरूल आणि जॉइंट दोन्ही खरं हस्तिदंत आहे म्हणतोय. पंचेचाळीस हजार सांगतोय. घेऊ का?"

"बस आधी," मी म्हटलं. "खरं निघालं तर घ्यायचाच नाही. का ते नंतर सांगतो."

त्या दुपारी त्याच्यासमोर जे जे करून दाखवलं, तेच इथे क्रमानं लिहितो आहे.

क्यूवर हस्तिदंत कुठे असू शकतं

आधी शोध कुठे घ्यायचा ते ठरवा. आपल्याकडच्या पार्लरमधले बहुतेक स्नूकर क्यू इंग्लिश धाटणीचे असतात आणि त्यांचं फेरूल पितळी असतं. तिथे हा प्रश्नच येत नाही. हस्तिदंत वापरलं गेलं ते मुख्यतः हातानं बनवलेल्या अमेरिकन पूल क्यूंमध्ये आणि फार जुन्या बिलियर्ड क्यूंमध्ये. जागा ठरलेल्या आहेत: टिपेखालचं पांढरं फेरूल, मधल्या जॉइंटचं कडं, बटाच्या म्हणजे हातात धरायच्या जाड भागाच्या टोकाची टोपी आणि बटावर जडवलेले हिरे, टिकल्या, पट्ट्या.

यातली प्रत्येक जागा सारखी बोलत नाही. जडावाचे तुकडे पातळ असतात आणि त्यांच्यावर चकचकीत पारदर्शक लेप, म्हणजे क्लिअर कोट असतो, त्यामुळे त्यांच्याकडून फारसं काही कळत नाही. फेरूलचा वरचा छेद टिपेखाली झाकलेला असतो. जॉइंट मात्र उघडा पुरावा आहे. क्यू मधून उघडला की दोन तुकडे जोडणाऱ्या पिनेभोवती पांढऱ्या कड्याचा आडवा कापलेला चेहरा समोर येतो. त्यावर बहुधा कोटही नसतो. म्हणून सुरुवात तिथून करायची.

पहिली पायरी: छेद आणि भिंग

जॉइंट उघडा. तोंडावर चॉकची भुकटी आणि हाताचा मळ बसलेला असतो, तो सुती कापडाचं टोक किंचित ओलं करून टिपून घ्या. स्पिरिट किंवा थिनर लावू नका, शेजारचा कोट उतरतो. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च बाजूनं, अगदी आडवा धरा. वरून सरळ उजेड टाकला तर पांढऱ्यावर पांढरं काहीच दिसत नाही. आता दहा पट भिंग लावा. पिक ग्लास असेल तर उत्तमच, कारण पूल क्यूचं जॉइंट साधारण २१ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि त्याचा चेहरा त्या खिडकीत नीट बसतो.

खरं हस्तिदंत असेल तर तिथे वीण दिसते. दुसरा शब्द मला सुचत नाही. दोन दिशांनी येणाऱ्या बारीक वक्र रेषा एकमेकींना छेदतात आणि मध्ये फिकट-गडद लहान लहान शंकरपाळ्या तयार होतात. मागावर बसलेल्या माणसाला हे चटकन कळतं, कारण तिरप्या विणीचं कापड भिंगाखाली असंच दिसतं. या श्रेगर रेषा. बर्नहार्ड श्रेगर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८०० साली त्यांचं वर्णन केलं. हत्तीचा सुळा म्हणजे दातच, आणि दातातल्या डेंटिन या मुख्य कठीण भागात डोळ्यांना न दिसणाऱ्या नळ्यांचं जाळं असतं. सुळ्यात त्या नळ्या आतून बाहेर जाताना लाटेसारख्या वळत जातात, आणि आडवा काप घेतला की त्या वळणांची ही नक्षी उमटते. नक्षी वर छापलेली नसते, पदार्थाच्या अंगातच असते. टोक घासलं तरी खाली तीच वीण निघते.

बनावट मालाला नेमकं हेच जमत नाही. जुन्या काळी "फ्रेंच आयव्हरी" म्हणून विकलं जाणारं सेल्युलॉइड फिकट आणि गडद पत्र्यांचे थर दाबून करायचे, म्हणून त्यावरही रेषा असतात. पण त्या फुटपट्टीनं आखल्यासारख्या सरळ आणि समांतर. छेदातही समांतरच, एकमेकींना कापत नाहीत. मायकार्टा म्हणजे कागदाचे किंवा कापडाचे थर फिनॉलिक राळेत दाबून केलेला पदार्थ. भिंगाखाली ते थर दिसतात, कधी तागाच्या विणीचे ठिपकेही दिसतात. ती वीण बघून गोंधळू नका. कापडाची वीण काटकोनात आणि सगळीकडे एकसारखी असते. हस्तिदंताच्या शंकरपाळ्या सुळ्याच्या मध्याकडे लहान आणि चिंचोळ्या होत जातात, बाहेरच्या अंगाला पसरतात. मेलामाइन आणि साध्या प्लास्टिकच्या छेदात काहीच नसतं, नुसता पांढरेपणा. जर्मनीच्या एल्फोरिनसारखी नवी राळ मुद्दाम हस्तिदंतासारखी रेषाळ केलेली असते आणि बाजूनं बघितलं तर चांगला जाणकारही क्षणभर थांबतो. छेदात मात्र विणीची ती जाळी मिळत नाही.

त्या मुलाच्या क्यूचं जॉइंट मी भिंगाखाली धरलं. चेहऱ्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत केसाएवढ्या सरळ रेघा, सगळ्या एकाच दिशेनं. पिनेच्या अलीकडे तुटलेली रेघ पलीकडे बरोबर त्याच ओळीत पुढे जात होती. मायकार्टा. मी भिंग त्याच्या हातात दिलं आणि काहीच बोललो नाही. दोन मिनिटांनी तोच म्हणाला, "काका, हे वहीच्या कडेसारखं दिसतंय की."

दुसरी पायरी: बाजूचा पोत

छेद उघडा नसेल, म्हणजे क्यू एकसंध असेल किंवा टिप काढायची नसेल, तर बाजूवर काम भागवावं लागतं. फेरूल सावकाश पूर्ण गोल फिरवा. दंतात लांबीच्या दिशेनं मंद लाटेसारख्या रेषा जातात, पण चारी बाजूंनी सारख्या नाहीत. समोरासमोरच्या दोन बाजूंवर त्या बऱ्यापैकी सरळ दिसतात आणि मधल्या दोन बाजूंवर कमानी किंवा लांबट व्ही धरतात, अगदी लाकडाच्या फळीसारख्या. लेथवर कातलेल्या कुठल्याही नैसर्गिक थरदार वस्तूचं असंच होतं. उलट, रेषा गोल फिरवूनही सगळीकडे एकाच अंतरावर, एकाच जाडीच्या आल्या, तर माल कारखान्यातला आहे.

एक खूण मला या कामात फार उपयोगी पडली आहे: निळा चॉक. हस्तिदंत सच्छिद्र असतं. वर्षानुवर्षं खेळलेल्या दंती फेरूलच्या वरच्या कडेला निळसर छटा मुरलेली असते आणि ती पुसून जात नाही. मेलामाइन ओल्या कापडानं स्वच्छ होतं. पण हा आधार आहे, पुरावा नाही. हलक्या प्रतीचं प्लास्टिकही डाग धरतं.

पिवळेपणावर तर मुळीच जाऊ नका. दंत हाताच्या घामानं आणि उजेडानं असमान पिवळं पडतं, हे खरं. पण जुना मायकार्टाही सुरेख लोण्यासारखा पिवळा होतो, आणि चहाच्या पाण्यात ठेवून नवा माल जुना करणारे लोक आहेत.

भेगांचं मात्र जरा सांगतो, कारण आपल्या गावात त्या लवकर दिसतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी असते. दंत अशा हवेत आटतं. फेरूलवर लांबीच्या दिशेनं केसासारखी उभी भेग जाते आणि तिच्यात मळ बसून ती तपकिरी होते. बंद गाडीत ठेवलेल्या क्यूचं तर विचारूच नका. प्लास्टिक तडकतं ते बहुधा टिपेजवळ, मार बसलेल्या जागी, कुठल्याही दिशेला.

तिसरी पायरी: अतिनील टॉर्च

३६५ नॅनोमीटरचा टॉर्च काही शेकड्यांत मिळतो. नोटा तपासायचा स्वस्त जांभळा टॉर्च चालत नाही, त्याचा स्वतःचाच जांभळा उजेड सगळ्यावर पसरतो. पूर्ण अंधारात टाका. हस्तिदंत निळसर पांढरं उजळतं, जुन्या पृष्ठभागावर जरा पिवळट. बरीचशी प्लास्टिकं निस्तेज निळी किंवा काळपट दिसतात.

यात दोन खड्डे आहेत. हाडही दंतासारखंच उजळतं. आणि क्लिअर कोट मध्ये आला की तुम्ही दंत नाही, कोट बघत असता. म्हणून हाही टॉर्च जॉइंटच्या उघड्या तोंडावरच टाका. ज्या प्लास्टिकमध्ये पांढरेपणासाठी चमक देणारं रसायन घातलेलं असतं, ते दंताहूनही भगभगीत दिसतं. नवं कोरं पांढरं फेरूल अंधारात लखलखलं म्हणून हुरळून जाऊ नका.

चौथी पायरी: वजन आणि पाणी

ही फक्त सुट्या भागासाठी. फेरूल निघालेलं असेल तेव्हाच. सोनाराकडचा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो. आधी फेरूल कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. फेरूल बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल तो फेरूलचं घनफळ, घन सेंटीमीटरमध्ये. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागायचं.

उदाहरण घेऊ. २५ मिलिमीटर लांब, बाहेरून १३ आणि आतून ८ मिलिमीटर असलेल्या नळीचं घनफळ साधारण २.०६ येतं. तिचं वजन ३.८० ग्रॅम भरलं तर भागाकार १.८४. हस्तिदंत १.७ ते १.९ मध्ये बसतं. वजन ३.१० भरलं तर भागाकार १.५, म्हणजे मेलामाइनच्या आसपास. मायकार्टा आणि सेल्युलॉइड आणखी खाली, १.३ ते १.४ कडे राहतात. हाड दंताहून किंचित जड, दोनच्या जवळ जातं. खनिज पूड भरलेली राळ दंताच्या आकड्याजवळ येऊ शकते, म्हणून इथेही शेवटचा निकाल छेदाचाच.

आतल्या आट्यांत हवेचा बुडबुडा अडकला की घनफळ जास्त दिसतं आणि खरं दंतही हलकं ठरतं. पाण्यात बुडवून दोरा दोन-तीनदा हिसकवा, बुडबुडे वर येताना दिसतात. काम मिनिटभरात उरका आणि लगेच पुसा. दंत पाणी पितं.

हे करू नका

तापलेली सुई टोचून बघा, असं अजूनही लोक सांगतात. मी सुरुवातीच्या वर्षांत हे एकदा केलं. गिऱ्हाइकाच्या जुन्या क्यूच्या बटाला पांढरं कडं होतं, त्याला लाल सुई लावली. कापराचा वास आला आणि पुढच्या क्षणी कडं भस्सकन पेटलं. ओलं फडकं हाताशी होतं म्हणून क्यू वाचला, पण माझी दोन बोटं पोळली आणि कड्याची भरपाई मी केली. ते सेल्युलॉइड होतं. त्यात नायट्रोसेल्युलोज आणि कापूर असतो, ते पेटणारच.

या सेल्युलॉइडचा आणि आपल्या खेळाचा संबंध जवळचा आहे. तेव्हा बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचेच असायचे आणि दंत महाग होत चाललं होतं. १८६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्ड सामान बनवणाऱ्यांनी हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला १० हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. ऑल्बनीचा जॉन वेस्ली हायट त्या मागे लागला आणि त्यातून सेल्युलॉइड आलं. आजचे चेंडू फिनॉलिक राळेचे असतात, पण हत्तीचा जीव वाचवू शकणारा पदार्थ शोधायची धडपड बिलियर्डच्या टेबलावरून सुरू झाली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सुईबद्दल आणखी एक. प्लास्टिक वितळतं, दंत वितळत नाही, असा तो हिशोब आहे. पण मेलामाइन आणि फिनॉलिकही वितळत नाहीत, आणि फेरूल नेमकी त्यांचीच असतात. म्हणजे वस्तू खराब होते आणि उत्तरही चुकीचं मिळतं. ॲसिटोनचा बोळा, ॲसिडचा थेंब, दातावर घासून बघणं, गालाला गार लागतं का बघणं, टेबलावर आपटून आवाज ऐकणं, हे सगळं सोडून द्या.

हाड, टाग्वा आणि मॅमथ

हाड ओळखणं सोपं आहे. भिंगाखाली छेदात सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात आणि बाजूवर त्याच रंगाच्या आखूड रेघोट्या. जिवंतपणी रक्तवाहिन्या गेलेल्या नळ्या त्या. दंतात त्या नसतात. आपल्याकडे उंटाच्या हाडाचं काम भरपूर होतं, तेव्हा हा फरक डोळ्यात भरून ठेवा. टाग्वा हे दक्षिण अमेरिकेतल्या ताडाच्या जातीचं बी. ते लहान असतं, त्यामुळे जॉइंटपेक्षा जडावात सापडेल.

मॅमथचं, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीचं, प्रकरण नाजूक आहे. हजारो वर्षं बर्फात गाडलेल्या त्या सुळ्यांतही श्रेगर रेषा असतात. फरक कोनाचा. सुळ्याच्या सालीजवळच्या रेषा एकमेकींना कापतात तो कोन हत्तीत मोठा, ११५ अंशांच्या वर जाणारा असतो, आणि मॅमथमध्ये लहान, ९० च्या खाली येणारा. मधल्या पट्ट्यात दोन्ही सापडतात, म्हणून चार-पाच कोन मोजून सरासरी घेतात. भिंगातून मोबाइलनं सरळ वरून फोटो घ्या, मोठा करा, रेषा आखा, कोनमापक लावा. अट एकच: रेषा सालीजवळच्या हव्यात. आतल्या रेषांचे कोन दोन्ही प्राण्यांत लहान असतात. आणि क्यूचं जॉइंट सुळ्याच्या कुठल्या भागातून कातलंय ते बघून सांगता येत नाही. म्हणून निव्वळ जॉइंटवरून "हे मॅमथचं आहे" असं छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आणि भारतात त्यानं फरकही पडत नाही.

खरं निघालं तर

आता त्या "का"चं उत्तर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ च्या दुरुस्तीनं भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. १९९१ च्या दुरुस्तीनं आफ्रिकेतून आलेलं दंतही त्यात आलं. मॅमथचं दंत म्हणून सूट मागणाऱ्या व्यापाऱ्यांना २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं बलराम कुमावत प्रकरणात नकार दिला: हस्तिदंत म्हणजे कुठलंही हस्तिदंत. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये. अमेरिकेतही २०१६ पासून संघराज्याच्या पातळीवर हा व्यापार जवळजवळ बंद आहे. म्हणून "जुना आहे, बंदीच्या आधीचा आहे" असं सांगून विकायला आलेला दंती क्यू इथे घेऊ नका, विकू नका, बाहेरून मागवू नका.

घरातच वारशानं आलं असेल तर काय? रेल्वे लाइन्सकडचं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. आजोबा गिरणीत अधिकारी, त्यांचा बिलियर्डचा क्यू माळ्यावर सापडला. बटाच्या टोपीवर भिंग ठेवलं आणि वीण अशी स्वच्छ दिसली की मी तिथेच हात आखडला. फोटो काढले, कोन मोजला, जे दिसलं ते कागदावर लिहून दिलं. त्या भागाला कानस लावली नाही, लेथ लावला नाही. वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र असलेली वस्तू वारशानं आली तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं, आणि वारसा सोडून दुसऱ्या मार्गानं ती कुणाला घेता येत नाही. यांच्याकडे प्रमाणपत्रच नव्हतं. मी म्हटलं, "ताई, लपवू नका आणि तोडून टाकूही नका. उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात स्वतः जा, सगळं लेखी द्या आणि पोच घ्या." त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. मी आणि माझा पिक ग्लास सांगतो ते प्राथमिक मत. कायद्यापुढे टिकणारी तपासणी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणू जीवशास्त्र केंद्राची वन्यजीव प्रयोगशाळा करते.

त्या मुलाच्या क्यूची टिप बदलायचीच होती, तेव्हा फेरूलचं तोंडही उघडं झालं. स्वच्छ, पांढरं, काही नाही. मेलामाइन. त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, "अरे, खोटं निघालं ते चांगलंच झालं. हा क्यू तू घेऊ शकतोस. मेलामाइन सहजी तडकत नाही, डाग धरत नाही आणि आपल्या उन्हाळ्यात आटतही नाही." त्यानं विकणाऱ्याला फोन केला, छेदाचे फोटो पाठवले आणि सौदा अठरा हजारांवर आला.

मी नवी टिप बसवली आणि बिलावर लिहून दिलं: "फेरूल मेलामाइन, जॉइंट कागदी थरांचं फिनॉलिक, हस्तिदंत नाही." खाली तारीख, सही आणि दोन्ही छेदांचे फोटो मागे चिकटवले. क्यू घेऊन परगावी स्पर्धेला जाणार असाल तर असा एक कागद पेटीत ठेवा. त्यानं तो पेटीच्या झाकणाच्या कप्प्यात सरकवला आणि संध्याकाळच्या आधी टेबल मिळावं म्हणून घाईनं निघून गेला.